खिडकीबाहेरचं ऊन

मालिकेतलं घर पडद्यावर आलं की माझी नजर सासूकडे जात नाही आणि सुनेकडेही जात नाही. ती जाते मागच्या खिडकीकडे. घरातल्या मंडळींना याचा वैताग येतो. ऐन भांडणाच्या प्रसंगात मी मध्येच म्हणतो, "अहो, त्या माडाची झावळी गणपतीपासून हललेली नाही!" मग चहा टाकायच्या निमित्ताने माझी रवानगी स्वयंपाकघरात होते.

पण तुम्हीही एकदा बघाच. सकाळची पूजा चाललेली असते, बाहेर निळं आभाळ आणि हिरवीगार बाग. त्याच घरात रात्री दागिने चोरीला जातात, बाहेर तेच आभाळ, नुसतं काळवंडलेलं. त्यावर पांढरे ढग मात्र भरदुपारचे. बाग इतकी ठसठशीत की पान न् पान मोजून घ्यावं. संवादात कुणीतरी सांगतं की हा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे आणि खिडकीत दिसतो झाडाचा बुंधा. श्रीमंत घर असेल तर हिरवळ जास्त, गरीब घर असेल तर खिडकीच नाही. मध्यमवर्गीयांच्या वाट्याला बहुधा समोरच्या इमारतीचा फोटो येतो. त्यातल्या गॅलरीत कुणी तरी कपडे वाळत घातलेले असतात आणि ते कपडे मालिका संपेपर्यंत कुणी काढत नाही.

मी मालिकांचे संवाद लिहितो. लेखकाला सेटवर खरं तर काही काम नसतं. अभिनेत्याला एखादं वाक्य जड गेलं तर ते मोडून द्यायचं, एवढंच. बाकी वेळ हिंडायला मोकळा. असाच हिंडत मी एकदा खिडकीच्या मागच्या बाजूला गेलो. पुढून जो वाडा वाटत होता तो मागून प्लायवूडच्या फळ्या, खिळे आणि लाकडी टेकू एवढाच होता. खिडकीपासून जेमतेम हातभर अंतरावर छापील फ्लेक्स ताणलेला, त्याच्या वर-खाली ट्यूबलाइटच्या रांगा. त्या चिंचोळ्या पट्टीत चहाचे रिकामे कप पडलेले आणि दूरध्वनीवर कुणाशी तरी हप्त्याबद्दल बोलणारा एक सहायक. बाग इथेच होती. आत उभं राहिलं तर तिच्या पानांवरचे छपाईचे ठिपके दिसत होते.

तिथेच एक जुने लाइटदादा भेटले. माझ्या संवादांत त्यांना काडीचाही रस नव्हता, पण खिडकीबद्दल विचारल्यावर ते खुलले. त्यांनी आधी फ्लेक्सच्या ट्यूब बंद केल्या. मग एक मोठा दिवा ओढत आणून तो खिडकीच्या बाजूला, उंचावर, तिरका लावला. चौकटीपलीकडे एका स्टँडला झाडाची खरी फांदी बांधली. आत सोफ्यावर आणि जमिनीवर उन्हाचा कलता चौकोन पडला, त्यात गजांच्या रेघा उमटल्या, पानांच्या सावल्या उमटल्या. बाहेरचं चित्र आता जवळजवळ पांढरं पडलं होतं. झाडं आहेत एवढं कळत होतं, कुठली ते कळत नव्हतं. आणि त्या खोलीला एकदम सकाळचे साडेनऊ वाजले. "सर, बाहेरचं कोण बघतंय?" ते म्हणाले. "आत काय पडलं ते बघतात." थोड्या वेळाने दिग्दर्शकाने ते सगळं काढायला लावलं. बाग दिसत नाही, पैसे मोजून छापली आहे, अशी तक्रार होती.

त्या दिवशी मला जे दिसलं त्याचं गणित पुढे वाचून समजलं. लख्ख उन्हात उजेड साधारण १,००,००० लक्स असतो. ढगाळ दिवशी तो १०,०००च्या आसपास येतो. आणि आपल्या दिवाणखान्यात संध्याकाळी दिवे लावून २००-३०० लक्स मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे घर आणि अंगण यांच्यात शेकडो पटींचा फरक. आपल्या डोळ्याला तो जाणवत नाही, कारण नजर आतून बाहेर गेली की बाहुली लगेच लहान होते आणि मेंदू दोन्हीची सांगड घालून मोकळा होतो. कॅमेऱ्याला हे जमत नाही. आतल्या चेहऱ्याप्रमाणे त्याच्या भिंगाचं छिद्र उघडलं तर बाहेरचं पांढरं पडतं. बाहेरचं आभाळ नीट टिपलं तर चेहरा काळा होतो. गेली शंभर-सव्वाशे वर्षं आपण फोटोतल्या आणि सिनेमातल्या खिडक्या अशाच पांढुरक्या बघत आलो आहोत. त्यामुळे खिडकीबाहेरचं चित्र थोडं जळालेलं, थोडं धूसर असेल तरच ते आपल्याला खरं वाटतं. ते आतल्याइतकंच उजळ आणि आतल्याइतकंच स्पष्ट असेल, तर मनाला लगेच कळतं की ते भिंतीवर टांगलेलं आहे.

म्हणजे हे चित्र करणाऱ्याची गंमत अशी की त्याने मेहनतीने केलेलं काम निम्मं तरी धुऊन टाकावं लागतं. निर्मात्याला हे पटवणं महाकठीण.

आपल्याकडे या कामाची सुरुवात पडद्यांपासून झाली. संगीत नाटकांच्या काळात रस्ता, दरबार, अरण्य, नदीकाठ असे रंगवलेले पडदे कंपनीबरोबर गावोगाव फिरत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे नामांकित कलावंत. 'पेंटर' हे नाव त्यातूनच चिकटलं. पडदा उलगडला की चित्रालाच टाळी पडायची. तो रस्ता खरा आहे असं कुणी समजत नव्हतं आणि समजावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. पडदा किती सुंदर रंगवला आहे हे दिसावं, यासाठीच तो रंगवलेला असायचा. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' आणला आणि सपाट पडद्याच्या जागी खोली असलेले, भिंती-खांब असलेले सेट उभे केले. कॅमेऱ्यापुढे पडदा पडदाच दिसतो, हे त्यांच्या चित्रकाराच्या डोळ्याने हेरलं असणार.

पण त्या काळाची एक गोष्ट मला फार आवडते. मूकपटांचं बहुतेक चित्रण उन्हात व्हायचं. फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा दादरच्या आवारात राजवाडा उभा राहिला तो उघड्या आभाळाखाली. भिंती खोट्या, दागिने खोटे, राणी तारामतीचं काम करणारा पुरुष. ऊन तेवढं खरं. मग बोलपट आले. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा आपला पहिला मराठी बोलपट. बोलपटाला शांतता लागते, आणि रस्त्यावरचे टांगे, कावळे, फेरीवाले काही शांत बसत नाहीत. सिनेमा बंद इमारतीत गेला. १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी पुण्याला आली आणि तिने उभारलेलं ते प्रचंड स्टेज आजही फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. आत शिरलं की बाहेर दिवस आहे की रात्र, याचा पत्ता लागत नाही. आवाजापायी ऊन घालवलं, आणि तेव्हापासून ते परत आणण्याची खटपट चालू आहे.

या खटपटीतला माझा सगळ्यात आवडता नमुना इंग्लंडमधला आहे, आणि त्याचा विषय आपल्या हिमालयाचा. मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांचा 'ब्लॅक नार्सिसस' १९४७ साली आला. दार्जिलिंगच्या बाजूला, कड्याच्या टोकावरच्या एका जुन्या राजवाड्यात इंग्रज जोगिणी मठ थाटतात आणि त्या उंचीवर, त्या वाऱ्यात एकेकीचं मन ढळत जातं, अशी गोष्ट. चित्रपट बघताना खालची दरी बघून पोटात गोळा येतो. यातली एकही चौकट भारतात घेतलेली नाही. लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत सेट लावले. थोडं बाहेरचं चित्रण ससेक्समधल्या एका बागेत केलं, जिथे हिमालयातली झाडं हौसेने आणून वाढवलेली होती. वातावरणावर आणि रंगांवर आपला पुरता ताबा हवा, म्हणून पॉवेलनेच भारतात न जाण्याचा निर्णय घेतला होता. ज्या वर्षी इंग्रज इथून गेले, त्याच वर्षी त्यांच्या चित्रपटातला हिंदुस्थान पुरता इंग्लंडमध्ये बनवून झाला होता.

कसा बनवला? पर्सी डे हा काचेवर चित्रं रंगवणारा बुजुर्ग. काही दृश्यांत दरी आणि शिखरं त्याच्या कुंचल्याची आहेत. खिडक्यांमागे आणि कड्यांमागे डोंगरांचे अवाढव्य मोठे केलेले कृष्णधवल फोटो लावले आणि त्यांच्यावर रंगीत खडूने हलके रंग चढवले. रंगीत फोटो लावले असते तर ते फोटोच वाटले असते. खडूचा रंग दूरच्या डोंगरावर हवेचा थर चढतो तसा बसला, निळसर आणि थोडा पुसट. या चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी जॅक कार्डिफला आणि कलादिग्दर्शनासाठी आल्फ्रेड युंगला ऑस्कर मिळालं.

तरीही मला वाटतं, तो हिमालय उभा राहतो तो खडूंमुळे नव्हे. त्या मठात सतत वारा असतो. जोगिणींची वस्त्रं फडफडतात, पडदे फुगतात, एकाही खोलीत हवा स्वस्थ बसत नाही. बाहेर आठ हजार फूट उंची आहे हे आपल्याला डोंगर बघून पटत नाही. ते पटतं डोक्यावरचं कापड धरून बसलेल्या बाईकडे बघून. कार्डिफ हा डच चित्रकार व्हर्मिअरचा भक्त होता, हेही इथे सांगायला हवं. व्हर्मिअरच्या चित्रांत डाव्या हाताला खिडकी, तिच्यापाशी पत्र वाचणारी किंवा दूध ओतणारी बाई, आणि तिच्या गालावर, भिंतीवर, भांड्याच्या काठावर पसरलेला उजेड. त्या खिडकीतून बाहेर काय दिसतं ते तो आपल्याला दाखवत नाही. साडेतीनशे वर्षं झाली, कुणी तक्रार केलेली ऐकिवात नाही.

हिचकॉकला मात्र बाहेरचं दाखवायचंच होतं. १९४८ च्या 'रोप'मध्ये सगळी गोष्ट एका फ्लॅटमध्ये, एका संध्याकाळी, एकेका रिळाएवढ्या लांबलचक शॉटमध्ये घडते. मागे भली मोठी खिडकी आणि तिच्यात न्यू यॉर्क. ते शहर म्हणजे अर्धवर्तुळाकार मांडलेली प्रतिकृती होती. त्यावरचे ढग काचतंतूंचे. प्रत्येक रिळाआधी ते थोडे सरकवायचे, त्यांचा आकार बदलायचा, कारण आभाळ एका जागी थांबत नाही. हळूहळू ऊन उतरतं, इमारतींत दिवे लागतात. एवढं करून शेवटची काही रिळं पुन्हा चित्रित करावी लागली. सूर्यास्ताचा नारिंगी रंग इतका भडक उतरला होता की हिचकॉकला तो सवंग पोस्टकार्डासारखा वाटला. ही गोष्ट वाचल्यापासून आमच्या मालिकांमधल्या संध्याकाळी मला सहन होत नाहीत. तिकडे रंग जास्त झाला म्हणून रिळं टाकून दिली. इकडे तो आणखी वाढवा म्हणून फोन येतो.

सपाट कापडाचं खरं पितळ उघडं पडतं ते कॅमेरा हलल्यावर. आगगाडीतून बघताना जवळचे खांब पळतात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. खिडकीबाहेरच्या दृश्यालाही हाच नियम. कॅमेरा डावीकडे सरकला की जवळच्या कुंडीने भराभर सरकायला हवं, समोरच्या घराने सावकाश, आणि क्षितिजाने अजिबात नाही. फ्लेक्सवर कुंडी, घर आणि क्षितिज एकाच कापडावर, त्यामुळे तिघंही एकदमच सरकतात. यावरचा उपाय पैशाचा नाही, जागेचा आहे. कापड खिडकीपासून दहा-पंधरा फूट मागे न्या. मधल्या जागेत खरा कठडा, खऱ्या कुंड्या, एखादी दोरी आणि तिच्यावर टॉवेल. मागचं आपोआप धूसर होतं, माणसांच्या सावल्या कापडावर पडत नाहीत, आणि सरकत्या कॅमेऱ्याला पुढे-मागे असे दोन-तीन थर मिळतात. फोटो काढतानाही एक पथ्य: क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीला येतं. चौदाव्या मजल्याची खिडकी हवी असेल तर चौदाव्या मजल्यावर चढूनच फोटो काढावा लागतो. खालून काढला की बुंधा येतो.

आता या सगळ्यावर एलईडी भिंतींचा उतारा निघाला आहे. २०१९ च्या 'द मँडलोरियन' या मालिकेसाठी सुमारे २० फूट उंच आणि ७५ फूट व्यासाचा जवळजवळ गोल पडदा उभारला होता. कॅमेरा कुठे आहे ते संगणकाला कळतं आणि पडद्यावरचं दृश्य त्या हिशेबाने सरकतं. म्हणजे कुंडी पळते, डोंगर थांबतो. त्याआधी २०१३ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये ढगांच्या वर वसलेलं काचेचं घर होतं. हवाईतल्या हालेआकाला पर्वताच्या माथ्यावरून खरे ढग चित्रित करून आणले आणि २१ प्रोजेक्टर लावून सेटभोवती वेढलेल्या पडद्यावर पाडले. हिरवा पडदा का लावला नाही? कारण ते घर सगळं काचेचं आणि चकचकीत. हिरवा लावला असता तर टेबलापासून माणसांच्या कानांपर्यंत सगळ्यावर हिरवी झाक आली असती. ढग लावले, तर काचेत ढगच उमटले आणि चेहऱ्यावर ढगांचाच उजेड आला. इतक्या खर्चाच्या यंत्रणेने साधलं काय, तर लाइटदादांनी एका दिव्यात साधलं तेच: बाहेरचं आत आणलं. या एलईडी भिंती तेवढ्या एकट्याने पुरत नाहीत, हेही खरं. त्यांचा उजेड लाल, हिरवा, निळा अशा तीन तुटक रंगांचा बनलेला असतो. त्यात माणसाची कातडी विचित्र दिसते, म्हणून चेहऱ्यासाठी वेगळा दिवा लावावाच लागतो.

आणि ज्याच्याकडे पैसाही होता आणि अक्कलही, त्या कोरियन दिग्दर्शक बाँग जून-होने 'पॅरासाइट' या चित्रपटातल्या श्रीमंत घराचा तळमजला आणि पुढची बाग सरळ मोकळ्या मैदानात बांधली, सूर्य कुठून कुठे जातो ते बघून. म्हणजे शंभर वर्षांनी गाडी फाळक्यांच्या दादरला येऊन थांबली.

माझा पुतण्या इंटरनेटसाठी स्वयंपाकाचे व्हिडिओ करतो. मुंबईतला त्याचा फ्लॅट म्हणजे दीड खोली. ओट्यामागे खिडकी आहे, पण ती उघडते डक्टमध्ये. समोर शेजारच्या इमारतीचे पाइप आणि कबुतरं. त्याने ती जाड कापडाने बंद केली आणि शेजारच्या भिंतीवर लाकडी चौकट ठोकून खोटी खिडकी केली. चौकटीत बटर पेपर, त्यामागे एक एलईडी दिवा, मध्ये कढीपत्त्याची कुंडी आणि तिची पानं हलावीत म्हणून लहानसा टेबल फॅन. पेपरावर पानांची सावली डुलते, कढईतली वाफ त्या उजेडात उठून दिसते. बाहेर काय आहे ते काहीच दिसत नाही. त्याच्या प्रेक्षकांपैकी एकीने विचारलं होतं, तुमचं घर कोकणात कुठे आहे? त्याने उत्तर दिलं नाही. मला मात्र त्या प्रश्नात त्याला मिळालेली पावती दिसली. खऱ्या खिडकीतून त्या घरात जन्मात ऊन आलं नव्हतं. वहिनी आता भाजी निवडायला त्या खोट्या खिडकीखालीच बसतात.

आवाजाबद्दल बोललो नाही तर हे अपुरं राहील. बाहेर जग आहे हे अर्धंअधिक कानांनीच कळतं: भंगारवाल्याची हाक, कुकरची शिट्टी, लांबची लोकल, दुपारी अडीचच्या सुमाराला एकाएकी पडणारी शांतता. आमच्या मालिकांमध्ये यातलं काही नसतं, कारण सगळी जागा ढोल-ताशांसारख्या पार्श्वसंगीताने व्यापलेली. मी एकदा संहितेत 'बाहेरून कोकिळेचा आवाज' असं लिहिलं. प्रसंग प्रसारित झाला तेव्हा कोकिळेच्या जागी बासरी होती, आणि बासरीच्या मागे व्हायोलिन.

निर्मात्यांची बाजूही मला माहीत आहे. रोज एक भाग द्यायचा असतो, सेटचं भाडं तासागणिक चढतं, दुपारचा प्रसंग रात्री अकराला चित्रित होतो. अशा घाईत कुणी ढग सरकवत बसणार नाही आणि बसावं असंही मी म्हणत नाही. माझी मागणी त्याहून स्वस्त आहे. पुढच्या घराचा सेट लावताना भिंतीमागे दहा फूट जागा सोडा. छपाईच्या पैशांत एक मोठा दिवा भाड्याने घ्या आणि तो कुठे लावायचा ते लाइटदादांना ठरवू द्या. तेवढीही जागा नसेल, तर खिडकीला साधा पातळ पडदा लावा आणि बाहेरून त्याच्यावर ऊन पाडा. मग फ्लेक्स छापायचीच गरज पडणार नाही.